मास्तरांचं मोडी कार्ड

मद्रासला बीच लाइनीतल्या एका शेअर दलालाच्या पेढीत मी उभी हयात कारकुनी केली. दलाल मी नव्हतो. दलाल वर बसत, पंख्याखाली. मी खाली बसून ट्रान्सफरचे कागद तपासायचो, सही जुळते का बघायचो आणि गिऱ्हाइकांना पत्रं लिहायचो. पण आमच्या मराठी मंडळींत मला शेअर बाजाराचा मोठा जाणकार समजत. हा समज मी कधी खोडून काढला नाही, कारण तो मला आवडायचा. माझ्यात हा दोष लहानपणापासून आहे. कुणी मला शहाणा समजला की मी गप्प बसतो.

माझ्या शब्दावर भरवसा ठेवून ज्यांनी शेअर घेतले, त्यांत दोघं जवळचे. एक रेल्वेच्या हिशेब खात्यातले. ते मूळचे साताऱ्याकडचे, बदली होऊन मद्रासला आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी, आणि आमची तंजावरची मराठी ऐकली की त्यांना हसू यायचं. दुसरे मास्तर. तिरुवल्लिकेणीच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे. ते आमच्यासारखेच तंजावरकडचे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, खादीचा शर्ट, कपाळाला गंधाचा बारीक टिळा. मोजकं बोलत. जे बोलत ते मात्र पाटीवर लिहिल्यासारखं स्पष्ट.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या आठ-दहा वर्षांत मद्रासच्या आसपास नवे कारखाने निघत होते, त्यांचे शेअर विकायला येत होते, आणि नोकरदार माणसाला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं की आपणही गिरणीचे, साखर कारखान्याचे मालक होऊ, मग वाटा एका विटेएवढा का असेना. मास्तर शिकवण्यांचे पैसे साठवून दरवर्षी थोडे शेअर घ्यायचे. घेताना माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की घ्यायचे. त्यांच्या सह्या केलेले कागद आणि सर्टिफिकिटं आमच्या पेढीच्या तिजोरीत माझ्या ताब्यात असत. घरी ठेवायला त्यांच्याकडे एक पत्र्याची पेटी होती, आणि तिला वाळवी लागत नाही एवढंच तिचं कौतुक.

आता मोडीची गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या तंजावरच्या घराण्यांत जुने कागद मोडी लिपीत असतात. माझे आजोबा राजवाड्याच्या देवस्थान कचेरीत मोडी लिहायचे. वडिलांनाही ती वाचता यायची. माझ्यापर्यंत पोचेपर्यंत इंग्रजी शाळा, तमिळ शेजार आणि आळस यांनी तिचं बोट सोडवलं होतं. एकदा आमच्या मंडळींच्या मेळाव्यात कुणीतरी पणजोबांचं दानपत्र आणलं. सगळे वाकून बघत होते, कुणाला काही लागत नव्हतं. अशा कागदांची सुरुवात कशी असते हे मला वडिलांच्या तोंडून ऐकून पाठ होतं. मी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि पहिल्या दोन ओळी खड्या आवाजात म्हटल्या. मग "बाकी सगळा जमिनीच्या सीमांचा तपशील आहे" असं म्हणून कागद परत दिला.

मास्तरांना मोडी खरोखर येत होती. वडिलांनी त्यांच्याकडून ती गिरवून घेतली होती. नशीब, त्यांनी तो कागद हातात घेतला नाही. पण माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुम्हांस येते हे मज ठाऊकच नव्हतं. आता आपण दोघंच राहिलों." त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की खरं सांगायचं राहून गेलं. पुढे सांगायची वेळ कधी आलीच नाही, निदान मी येऊ दिली नाही.

चीनशी लढाई सुरू झाली त्या ऑक्टोबरात बाजार कोसळला. त्याआधीही तो कुरकुरतच होता, पण लढाईच्या बातम्यांनी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पेढीत फोन ठेवला की वाजायचा. विकायला सगळे, घ्यायला कुणी नाही. चहामळ्यांचे शेअर तर असे पडले की भाव सांगताना दलालसाहेब आवाज खाली आणायचे, जणू कुणाच्या आजारपणाबद्दल बोलतायत. मैलापूरच्या तळ्याकाठी बायका बांगड्या काढून संरक्षण निधीला देत होत्या. शहराला रात्री दिवे झाकायला सांगितलं होतं. अशा दिवसांत माणसाला स्वतःच्या कागदांची आठवण आली तर त्याचा दोष नाही.

माझे मित्र माझ्याकडे येऊ लागले. घरी, पेढीच्या दारात, बस स्टॉपवर, एकदा तर देवळात प्रदक्षिणा घालताना. सगळ्यांचं एकच म्हणणं, विकून टाका. मी एकोणीसशे तीसच्या सुमाराची मंदी लहानपणी वडिलांच्या बोलण्यातून ऐकली होती, आणि पेढीत बसून एवढं शिकलो होतो की घाबरून विकणारा माणूस सगळ्यांत खालच्या भावाला विकतो आणि मग आयुष्यभर त्याच भावाची आठवण काढतो. पण घाबरलेल्या माणसाला समजावून काही उपयोग नसतो. तो ऐकतो, मान हलवतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारतो.

म्हणून मी एक युक्ती काढली. मी सगळ्यांना सांगितलं, विकायचं असेल तर मला तोंडी सांगू नका. पोस्टकार्ड लिहा, माझ्या घरच्या पत्त्यावर टाका. त्यात किती शेअर विकायचे ते लिहा, आणि का विकायचे तेही लिहा. कारण गरजेचं असेल, लग्न, घर, आजारपण, तर कार्ड मिळेल त्याच दिवशी विकीन, मग भाव काहीही असो. कारण भीतीचं असेल तर कार्ड ठेवून देईन, महिनाभर. महिन्यानं परत विचारीन.

युक्ती लागू पडली, हे कबूल केलं पाहिजे. भीती तोंडानं बोलायला सोपी, कागदावर लिहायला अवघड. अर्ध्याअधिक लोकांनी कार्ड लिहिलंच नाही. ज्यांनी लिहिलं त्यांची कारणं वाचताना मलाच हसू यायचं. रेल्वेवाल्यांनी पंधरा दिवसांत पाच कार्डं टाकली. पहिल्यात कारण चीन. दुसऱ्यात बायको. तिसऱ्यात लिहिलं होतं, आमच्या मोठ्या साहेबांनी सगळे विकले, ते काही मूर्ख नाहीत. चौथ्यात, काल झोप लागली नाही. पाचव्यात फक्त, आता तरी विका हो. मी पाचही कार्डं घरच्या तारेला टोचून ठेवली, जिथं वाण्याची आणि दूधवाल्याची बिलं असत. रविवारी ते घरी आले की मी तार दाखवायचो, आणि ते स्वतःच वाचून शरमायचे.

आमचा रविवार माझ्या घरच्या ओट्यावर जायचा. मैलापूरला मी ज्या जागेत राहायचो तिथं एका अंगणाभोवती सहा कुटुंबं होती. सगळ्यांचं पाणी एका नळाचं आणि टपालही एकाच ओट्यावर. पोस्टमन कार्डं ओट्यावर टाकून जायचा. ज्याच्या हाती पडेल तो वाचायचा आणि मग ज्याचं त्याला द्यायचा. "तुमच्या मेव्हण्याला मुलगा झाला" हे मला समोरच्या बाईंनी सांगितलं, कार्ड नंतर मिळालं. यात कुणाला वावगं वाटत नसे. उघडं कार्ड म्हणजे वाचायचंच.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मास्तर आले ते जरा उतरलेले दिसले. कॉफीचा पेला तसाच धरून बसले होते. दोनदा त्यांनी विचारलं, "भाव आणखी उतरतील काय?" मास्तरांनी भावाबद्दल विचारावं हे नवल होतं. मी मनात म्हटलं, घ्या, मास्तरसुद्धा. रेल्वेवाल्यांनी ती संधी सोडली नाही. "या मास्तर, आमच्या पंगतीला या! मी पाच कार्डं टाकलीत, तुम्ही एक तरी टाका." मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "टाकीन."

बुधवारी संध्याकाळी पेढीतून आलो तर कार्ड ओट्यावर होतं. शेजारच्या वकिलांच्या कारकुनानं ते माझ्या हातात देताना म्हटलं, "हे काय सार, कोणती भाषा? आम्ही सगळ्यांनी बघितलं, कुणालाच वाचता येईना."

पत्ता इंग्रजीत, मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात. मागे सगळा मजकूर मोडीत. वळणदार, एकदाही हात न उचलता लिहिलेला, ओळीखाली ओळ. मला त्यातले आकडे तेवढे कळले, कारण आकडे ओळखीचे असतात. आकडे सगळ्या शेअरांचे होते. म्हणजे विका. कारण कळलं नाही.

मी तिथंच, त्या कारकुनासमोर, कार्ड वाचल्यासारखं केलं. डोळे ओळींवरून फिरवले. "आमची जुनी लिपी," म्हणालो. तो कौतुकानं बघत राहिला.

आत जाऊन मी विचार केला. विचार म्हणजे स्वतःची समजूत घातली. मास्तर घाबरलेत. रविवारीच दिसत होतं. भीती आहे हे सगळ्या वाड्यानं वाचू नये म्हणून मोडीत लिहिलंय, मानी माणूस आहे. गरज असती तर तोंडानं बोलले असते. पाकिटातून पत्र का नाही पाठवलं, हा प्रश्नही मला पडला होता, आणि त्याचं उत्तरही मीच दिलं. मी नियम कार्डाचा केला होता आणि मास्तर नियम मोडणारे नव्हते. असं सगळं नीट जुळवून मी कार्ड रेल्वेवाल्यांच्या पाच कार्डांच्या वर तारेला टोचलं.

त्या वेळी एक गोष्ट करता आली असती. तिरुवल्लिकेणीची बस पकडून त्यांच्या घरी जायचं आणि म्हणायचं, मास्तर, मला वाचता आलं नाही. बसला वीस मिनिटं लागली असती. तेवढी वीस मिनिटं मी अजून शोधतोय.

पुढच्या रविवारी दोघंही आले. रेल्वेवाल्यांना तारेवरचं कार्ड दिसलं आणि ते टाळी वाजवून म्हणाले, "अहो, ही तर गुप्त लिपी! मास्तर, काय हो लिहिलंय एवढं? वाचून दाखवा की."

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला आजही जशीच्या तशी आठवते. मला वाटलं, भित्रेपणा उघडा पडेल म्हणून लाजतायत. मी मोठ्या गंभीरपणे म्हणालो, "ते आम्हां दोघांतलं आहे. सांगण्यासारखं नाही."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पटकन तोंड फिरवलं. मला माझ्याच समजूतदारपणाचं कौतुक वाटलं.

निघताना ते पायरीवर थांबले. रेल्वेवाले पुढे गेले होते. हळू आवाजात म्हणाले, "वाचलं ना सगळं?"

"वाचलं, मास्तर."

"मग? काय करूं आता?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरून काही करू नका. महिनाभर थांबा. तेवढ्यानं काही बिघडत नाही."

"महिनाभर," ते म्हणाले. त्यांनी मान हलवली. "सरी, बरं. तुम्ही म्हणतां तर." गेले.

तो महिना मला चांगला आठवतो, कारण तो माझ्या मानाचा महिना होता. लढाई थांबली. बाजार वर आला नाही, पण आणखी पडायचा थांबला. लोकांनी विकलं नाही म्हणून माझे आभार मानले. एकानं पेढ्यांचा पुडा आणला. मास्तर रविवारी येत होते, पण लवकर उठून जात. एका रविवारी आलेच नाहीत. मी म्हटलं, परीक्षा असतील.

तमिळ कार्तिकातल्या दिव्यांच्या सणाला माझी आत्या तंजावरहून आली. तिचा नवरा लवकर गेला, मुलं नाहीत. दरवर्षी ती आमच्याकडे पंधरा दिवस राहायची आणि त्या पंधरा दिवसांत आमचं घर तिच्या मनासारखं व्हायचं. दिव्यांसाठी कोनाडा पुसताना तिला ती तार दिसली. बिलांच्या मधोमध मोडी बघून ती लहान मुलीसारखी हरखली. आजोबांनी तिला शिकवलेली एवढीच एक विद्या होती.

"अय्यो, हे कोणाचं? काय सुरेख अक्षर आहे!" कार्ड तारेवरून काढून ती दारात उजेडाला गेली. "आम्हांस कोणी असं लिहीत नाही आताशी." ओठ हलवत ती वाचू लागली. मग तिचे ओठ थांबले. तिनं शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा वर गेली, पुन्हा वाचलं.

"हें केव्हां आलं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, झाला महिना.

"आणि इथें टोचून ठेविलास?" तिचा आवाज इतका खाली गेला की मला जवळ जावं लागलं. "तूं वाचला नाहींस काय?"

मग तिनं मला वाचून दाखवलं. लहान मुलाला औषध पाजावं तसं, एकेक शब्द, माझ्या तोंडाकडे बघत. मास्तरांनी लिहिलं होतं की त्यांच्या पत्नीच्या, आमच्या अक्कांच्या, छातीत गाठ आहे. डॉक्टरीण बाई म्हणतात, कापून काढली पाहिजे, त्यावर रेडियमचा इलाज करावा लागेल, उशीर करू नये. सरकारी दवाखान्यात पुरुष डॉक्टर तपासतात म्हणून ती जाण्यास तयार नाही, त्यासाठी खासगी जागी नेणं भाग आहे. सोनं दोन्ही मुलींच्या लग्नांत गेलं. सगळे शेअर विकावे, भाव काय येईल तो येवो. ही म्हणते, कोणास कळू नये, म्हणून या लिपीत लिहितों. तुम्हांस वाचतां येतें हें आमचें भाग्य.

आत्यानं कार्ड माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी चपला घालून पेढीत गेलो. दलालसाहेबांना म्हटलं, हे सगळे आज विकायचे. ते माझ्याकडे बघत राहिले. महिनाभर जो माणूस विकू नका म्हणून सगळ्यांना सांगतोय, तोच आज सगळं विकायला निघालाय. घ्यायला माणूस नव्हता. दोन-दोन, चार-चार करून, हात जोडून, मी तीन दिवसांत ते खपवले. महिन्यापूर्वीपेक्षा थोडा कमीच भाव मिळाला. पहिल्यांदाच मला भावाचं काही वाटलं नाही. पैसे हातात यायला आणखी काही दिवस लागणार होते, म्हणून दलालसाहेबांकडून ते मी आगाऊ मागून घेतले. आयुष्यात त्यांच्याकडे काही मागण्याची ती माझी एकच वेळ.

पैसे घेऊन मी मास्तरांकडे गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. दार अक्कांनी उघडलं. थोड्या बारीक दिसल्या, बाकी तशाच. कपाळावर मोठं कुंकू, केसांत कनकांबराच्या फुलांची माळ. "या, या," म्हणाल्या, "कॉफी घ्याल ना?" माझ्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. त्यांच्या लेखी महिन्याभरापासून.

मास्तरांनी पाकीट घेतलं, उघडलं नाही. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "महिना म्हणालात, आणि बरोबर महिन्यानें आलांत. हिला मी सांगत होतों. शब्दाचा माणूस." आत अक्का कॉफी ढवळत होत्या, डबऱ्याच्या पसरट वाटीत पेल्याचा आवाज होत होता.

मी सांगितलं नाही. तिथं, त्या घरात, त्या आवाजात, मला सांगता आलं नाही. हे कारण आहे की सबब, मला ठरवता येत नाही. मी कॉफी प्यालो. कॉफी नेहमीसारखी चांगली होती.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. रेडियमचा इलाजही झाला. रेल्वेवाल्यांना मास्तरांनी पोटाचं काहीतरी आहे म्हणून सांगितलं होतं. ते दर शनिवारी संत्री घेऊन जायचे आणि अक्कांना साताऱ्याच्या गमती सांगायचे. मीही जायचो. अक्का मला बघून नेहमी एकच म्हणायच्या, "तुमच्यामुळें झालं." मी मान खाली घालायचो, आणि लोक त्याला विनय समजायचे. पोंगलला त्या घरी आल्या, दारात रांगोळी काढली. उन्हाळ्यात पाठ दुखू लागली. आडी महिन्यात, आपल्या आषाढात, त्या गेल्या.

त्या महिनाभराच्या उशिरानं फरक पडला का, हे मी डॉक्टरीणबाईंना कधी विचारलं नाही. त्या मला दोनदा दवाखान्याच्या जिन्यात भेटल्या. प्रश्न माझ्या जिभेवर होता. मला उत्तराची भीती वाटत होती. दुसऱ्यांची भीती कार्डावर लिहून घेणारा मी, माझी भीती कुठं लिहायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आजही मला माहीत नाही. पडला असेल. नसेलही. पण तो महिना त्यांचा होता आणि मी तो माझ्या खोट्या विद्येवर खर्च केला, एवढं नक्की आहे.

नवरात्रानंतर एका रविवारी दुपारी मी मास्तरांकडे गेलो. तोपर्यंत मी आतून पार पोखरून गेलो होतो. दर रविवारी ते ओट्यावर येऊन बसायचे, आणि बाजाराविषयी कुणी काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, यांना विचारा. ते मला सहन होईना.

ते जमिनीवर बसून पेपर तपासत होते. लाल पेन्सिल, शेजारी पेपरांचा गठ्ठा. घर नीटनेटकं होतं, पण नुसतं नीटनेटकं. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. मला मोडी येत नाही. दानपत्र पाठ होतं. कार्ड आलं तेव्हा मला फक्त आकडे कळले. वाचलं म्हणालो ते खोटं होतं. थांबा म्हणालो ते काही न कळता म्हणालो. महिन्यानंतर आत्यानं वाचून दाखवलं.

मास्तर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. माझं बोलणं संपलं. बाहेर कुणीतरी नळावर घागर भरत होतं, ती भरून वाहायला लागली तरी नळ चालूच होता.

मग ते म्हणाले, "येत नाहीं म्हणायचं होतं."

मी पेपरांच्या गठ्ठ्याकडे बघत होतो.

"माझ्या वर्गांत पोरं रोज म्हणतात. 'तेरियादु सार.' येत नाहीं सार. बारा वर्षांची पोरं. उभीं राहतात आणि म्हणतात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात एखादं गणित समजावून सांगावं तसे ते बोलत होते, आणि तेच ऐकवत नव्हतं. "त्यांस मी कधीं मारलं नाहीं. येत नाहीं म्हणणाऱ्यास मारायचं नसतं."

मी म्हटलं, मास्तर, मला क्षमा करा. शब्द तोंडातून निघताच मला कळलं की ते किती हलके आहेत.

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "त्या महिन्यांत दोनदां तुमच्याकडे यायला निघालों होतों," ते म्हणाले. "एकदां तर चप्पल घालून पायरी उतरलों. म्हटलं, जाऊन सांगतों, थांबवत नाहीं आतां, विकूनच टाका. तिनें हात धरला. म्हणाली, त्यांनीं सगळं वाचलं आहे ना? वाचून थांबा म्हणाले, तर तसंच कांहीं असेल. शहाणा माणूस आहे, उगाच नाहीं म्हणायचे."

एवढं बोलून त्यांनी पेन्सिल उचलली आणि पुढचा पेपर घेतला. मी तिथंच बसून राहिलो. त्यांनी एकामागून एक पाच पेपर तपासले, बेरजा केल्या, मार्क लिहिले. मग वर न बघता म्हणाले, "आतां जा."